न्यूनेनच्या कोरस गर्ल्स

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँड जमतात ना, तसे ते आपोआप साठत जातात आणि एक दिवस खणच उघडेनासा होतो! आमच्या ग्रुपचं तसंच झालंय. सात बायका, एक हॉल, दर शनिवारी सकाळी दोन तास, असे पाच महिने. नाच बसला जेमतेम चार मिनिटांचा. पण भेटलेल्या माणसाला एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागे दुसरा उभाच असतो.

तर आधी सुरुवात कशी झाली ते.

मी मेधा. नेदरलँड्समध्ये पंधरा वर्षं झाली, त्यातली नऊ न्यूनेनमध्ये. आइंडहोवनच्या बाजूचं गाव. रविवारी इतकं शांत असतं की शेजारच्या घरात टोस्टरमधून टोस्ट उडाला तर आपल्याला कळतं. त्या शेजारच्या घरात विलेमाइन राहते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, चाळीस वर्षं नाचाचे क्लास घेतलेली बाई. तिला वेड एकच. जुने, ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन म्युझिकल सिनेमे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने मला कॉफीला बोलावलं आणि एक सिनेमा लावला. पडद्यावर चाळीस-पन्नास मुली. सगळ्यांचे केस सारखे, कपडे सारखे, हसू सारखं. पाय एकदम वर, एकदम खाली. मग कॅमेरा थेट छतापाशी गेला आणि त्याच मुलींचं फूल झालं. ते उमललं, मिटलं, गोल फिरायला लागलं. मी कॉफी हातात धरून बसले ती बसलेच.

"यातली हिरॉइन कुठली?" मी विचारलं.

विलेमाइनने सिनेमा थांबवला. "मेडा," ती म्हणाली. (तिला ‘ध’ जमत नाही.) "हिरॉइन आत कपडे बदलायला गेली आहे. आता ओळ आली आहे. ओळीकडे बघ."

त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव यांचा फोन आला. "गुढीपाडव्याला जरा वेगळं काहीतरी बसवा हो. गेल्या वर्षी चार लावण्या झाल्या, आणि चारही एकच!" माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही हॉलिवूडचा कोरस करू."

फोन ठेवल्यावर नवऱ्याला, श्रीरंगला, सांगितलं. सात जणी एका ओळीत, एकमेकींच्या खांद्यावर हात, एकाच वेळी पाय वर.

तो बोटांवर सात मोजत गेला. मग म्हणाला, "पाय नाही वर गेले तरी चालेल. सात मराठी बायकांचं एका वेळी एकमत झालं, तरी मी उभा राहून टाळ्या वाजवीन!"

* * *

हॉल मिळाला तो ब्यूर्टहाउसचा, म्हणजे आपलं वस्तीचं समाजमंदिर. विलेमाइन शिकवायला आनंदाने तयार झाली. आमच्यात अनघा होती, इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी. रॉटरडॅमहून ट्रेन आणि बस करून येणारी प्राजक्ता होती. शुभदाताई होत्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. आणि रेवती, रेणुका, दीपाली या तिघी एकाच ऑफिसातल्या, एकाच गाडीतून येणाऱ्या आणि उशीरही एकत्रच करणाऱ्या. त्यामुळे त्यांना आम्ही एकच धरतो.

पहिल्या दिवशी गाणं लागलं, आम्ही दोन पावलं टाकली, आणि विलेमाइन ओरडली, "लाखन! लाखन!"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं.

अनघाला डच येतं. ती हसत हसत खाली बसली. "अगं, लाखन म्हणजे हसा! ती आपल्याला हसायला सांगतेय!" कोरस गर्लचा पाय चुकला तर चालतो म्हणे, हसू चुकून चालत नाही.

झालं, आम्हाला कळलं. पण जानेवारीत अनघाची आई आली साताऱ्याहून, तीन महिन्यांसाठी. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणतो. घरी एकट्या काय करणार, म्हणून अनघा त्यांना हॉलवर घेऊन यायची. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून स्वेटर विणायच्या आणि सगळं ऐकायच्या. विलेमाइन हे नाव त्यांना पहिल्या दिवशीच नको झालं. त्यांनी तिचं नाव ‘विमल’ करून टाकलं, आणि विलेमाइन त्या हाकेला ओ द्यायला लागली.

चौथ्या शनिवारी घरी जाताना बसमध्ये काकू लेकीला हळूच म्हणाल्या, "अनू, तो लखन एकदासुद्धा आला नाही गं. विमल बिचारी इतक्या हाका मारते!"

* * *

प्राजक्ता म्हणजे पाच फूट नऊ इंच. रॉटरडॅमला बंदरावरच्या कंटेनरचं प्लॅनिंग करते. डिसेंबरात तिचा गुडघा दुखायला लागला, म्हणून ती हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेली. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "कधी दुखतो?"

"पाय वर केल्यावर."

"करून दाखवा."

प्राजक्ता उभी राहिली आणि म्हणाली, "तसा नाही जात. तुम्हाला आकडे म्हणावे लागतील. आठपर्यंत."

डॉक्टरला वाटलं, असेल काही इंडियन पद्धत. तो म्हणायला लागला. "एन, ट्वे, द्री, फीर..." पाचला प्राजक्ताचा पाय वर गेला. पाच फूट नऊ इंचाच्या बाईचा पाय! टेबलावरचा दिवा उडाला, भिंतीवर आपटला आणि कागदाच्या टोपलीत पडला. प्राजक्ता तशीच, हसतमुख. कारण हसू चुकायचं नाही ना!

डॉक्टरने टोपलीतला दिवा उचलून टेबलावर ठेवला.

मग डॉक्टर म्हणाला, "पॅरासिटामॉल घ्या."

ते कोणी घ्यायचं, हे विचारायचं तिचं राहून गेलं.

* * *

फेब्रुवारीत आम्ही फुलावर आलो. सात जणींनी गोल बसायचं, पाय आत, आणि एकेकीने मागे झुकत जायचं. वरून बघितलं की पाकळ्या उघडतात. आता वरून कोण बघणार? ब्यूर्टहाउसला वर एक अरुंद गॅलरी आहे, तिथे खुर्च्या रचून ठेवतात. श्रीरंग त्या खुर्च्यांमध्ये घुसला आणि त्याने मोबाइलवर शूटिंग केलं.

घरी येऊन टीव्हीवर लावलं. सातही जणी जमल्या होत्या, काकूही होत्या. फूल उघडलं.

वरून बाईचं काय दिसतं? भांग! चेहरा नाही, हसू नाही, तीन महिने घासलेले पाय नाहीत. सात डोकी आणि सात भांग. कोण केस रंगवतं, कोण रंगवत नाही, आणि कोणाचा रंगवायचा महिना उलटून गेलाय, सगळं टीव्हीवर पसरलं होतं.

माझी अकरा वर्षांची मुलगी ईरा सोफ्याच्या मागे उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर येतं इंग्लिशमध्ये. ती म्हणाली, "आई, it looks like a washing machine."

"पण मधे भोक आहे बघा," काकू म्हणाल्या. खरंच होतं. पाय पुरत नव्हते, फुलाच्या मधोमध रिकामी जमीन दिसत होती. काकूंनी चष्मा वर केला. "मला बसवा की मधे. माझं डोकं पांढरंशुभ्र आहे. फुलाच्या मधे काहीतरी फिकं लागतंच."

दुसऱ्या शनिवारी काकूंनी विणकाम खुर्चीवर ठेवलं आणि येऊन मधे मांडी घालून बसल्या. सहासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा नाचात. विलेमाइनने गॅलरीतून बघितलं आणि दोन्ही हात वर केले. "विमल खूश," काकूंनी जाहीर केलं.

आणि त्या शनिवारी सात जणींपैकी तिघी ताजा रंग लावून आल्या होत्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

* * *

मनोहरराव एकदा तालीम बघायला आले. सज्जन माणूस. पंधरा मिनिटं बघितलं, चहा घेतला, घसा खाकरला.

"छान चाललंय. फक्त एक... म्हणजे पाय जरा... आपला पाडव्याचा कार्यक्रम आहे, ज्येष्ठ मंडळी असतात. संस्कृतीला धरून जरा..."

आमचे कपडे म्हणजे पांढरी पायघोळ पँट, त्यावर चंदेरी पट्टी. घोट्याच्या वर काहीही दिसत नव्हतं. मी काहीतरी समजावायला लागले. अनघाने इतिहास सुरू केला. रेवती, रेणुका, दीपाली तिघी एकदम बोलायला लागल्या.

शुभदाताई फारशा बोलत नसत. त्या दिवशी पाण्याची बाटली खाली ठेवत म्हणाल्या, "मनोहर, पाय वर जातील तेव्हा संस्कृती तू धरून ठेव. चार मिनिटांचाच प्रश्न आहे."

मनोहररावांनी आणखी एक चहा घेतला.

* * *

हा किस्सा माझा. आठवड्यातून दोन दिवस मी आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या ऑफिसला जाते. तिथे स्टेशनच्या अवतीभोवती सगळ्या काचेच्या इमारती. आमच्या चौथ्या मजल्यावर कॉफी मशीन खिडकीशी आहे आणि ते कॅपुचिनो करायला फार वेळ घेतं. मी त्या वेळात पावलं करायची. उजवा, डावा, वळण, पाय वर. मागे वळून बघायचं कोणी येत नाही ना, आणि परत.

एका मंगळवारी समोर लक्ष गेलं. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, चौथ्याच मजल्यावर, एक बाई हातात मग घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी इतकी शरमले की कॅपुचिनो तिथेच सोडून जागेवर गेले.

गुरुवारी परत मशीनशी गेले, नाचले नाही. समोरच्या बाईने मग खिडकीत ठेवला. उजवा, डावा, वळण, पाय वर. माझीच पावलं! वळण चुकलं होतं. मी तिला वळण सावकाश करून दाखवलं. तिने केलं. मान हलवली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात ती आणि आणखी एक. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिघं, त्यात एक टायवाला माणूस. पाय त्याचाच सगळ्यात वर जायचा!

ही गोष्ट मी ग्रुपमध्ये सांगितली तेव्हा प्राजक्ता म्हणाली, "अगं मग खाली उतरून भेट ना त्यांना!"

भेटून काय बोलणार? आमची ओळख चौथ्या मजल्यावरची.

* * *

उंचीवरून आमच्यात कायम चर्चा. प्राजक्ता पाच नऊ, अनघा जेमतेम पाच फूट. त्या सिनेमांमध्ये मुली कशा एका मापाच्या, पट्टी ठेवावी अशा. आमची ओळ म्हणजे मोबाइलच्या सिग्नलच्या दांड्या. प्राजक्ता म्हणायची, मला टोकाला टाका. विलेमाइन ऐकायची नाही. तिला अनघाच्या शेजारीच उभं करायची.

एकदा कॉफीच्या सुट्टीत प्राजक्ताने विचारलंच. "कोरसमध्ये सगळ्या सारख्या लागतात ना? मग मला का ठेवलंस?"

विलेमाइनने कप खाली ठेवला. मग सांगायला लागली. अठरा वर्षांची असताना ती आम्स्टरडॅमला गेली होती. एका नाट्यगृहात मोठा शो होणार होता, त्यासाठी ओळीतल्या मुली निवडत होते. घरी न सांगता, मैत्रिणीचे बूट घालून गेली. वर्षभर तयारी केली होती. दारातच एक माणूस मोजपट्टी घेऊन उभा. भिंतीला लावून उभं करायचा आणि दोन खुणांच्या मधे बसली तर आत. ही दोन बोटं वर निघाली. नाच कोणी बघितलाच नाही. पुढच्या गाडीने परत.

"मग?" अनघाने विचारलं.

"मग काही नाही. मी शिकवायला लागले. माझ्या वर्गात मोजपट्टी नव्हती."

साठ वर्षं होऊन गेलेली गोष्ट, पण बोलताना तिचा हात नकळत डोक्यावर गेला होता.

प्राजक्ताने विचारलं, "त्या पट्टीवाल्याची स्वतःची उंची किती होती गं?"

विलेमाइनने आपल्या खांद्याला हात लावून दाखवला. "इतकी!"

त्यानंतर प्राजक्ताने टोकाची मागणी केली नाही.

* * *

शुभदाताईंबद्दल सांगायचं तर थोडं थांबून सांगावं लागतं.

त्या आइंडहोवनच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करतात. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले, अचानक, कामावरून घरी येताना. आम्ही सगळ्या गेलो होतो. डबे नेले, फोन केले. नंतर त्या कुठल्याच कार्यक्रमाला यायच्या बंद झाल्या. मी त्यांना नाचाचं विचारलं ते खरं तर भीत भीत, त्या नाही म्हणणार हे धरूनच. त्यांनी एकच विचारलं, "एकटीला पुढे यावं लागतं का?"

"नाही. सगळा वेळ ओळीतच."

"मग येते."

पुढे एकदा गाडीत त्यांनीच सांगितलं. "बाहेर भेटलं की लोक मान तिरकी करून विचारतात, कशा आहात? मनापासून विचारतात गं. पण त्या तिरक्या मानेला मी रोज काय उत्तर देऊ? ओळीत बरं असतं. दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं आणि कोणी बघत नसतं."

मार्चमधला एक शनिवार. गाणं सुरू झालं, आम्ही हात खांद्यावर टाकले. शुभदाताई माझ्या उजवीकडे. पहिल्याच वळणाला मला त्यांचा खांदा हलताना जाणवला. बघितलं तर गालावरून पाणी वाहत होतं. तोंडावर मात्र हसू, विलेमाइनने सांगितलेलं, दात दिसणारं. पाय बरोबर पडत होते. त्या दिवशी तारीख काय होती ते मला नंतर समजलं. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता.

थांबावं का, मला कळेना. मी विलेमाइनकडे बघितलं. तिला सगळं दिसत होतं. तिने आकडे थांबवले नाहीत. उलट जरा मोठ्याने म्हणायला लागली. "फैफ, झेस, झेव्हन, आख्त!" आणि आम्ही नाचत राहिलो. ओळ संपली, फूल झालं, काकू मधे होत्या, त्यांनी बसल्या बसल्या शुभदाताईंचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि फूल मिटेपर्यंत सोडला नाही.

गाणं संपलं. शुभदाताईंनी ओढणीने तोंड पुसलं. आता कोणीतरी मान तिरकी करणार, असं मला वाटलं.

विलेमाइन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मान सरळ. म्हणाली, "शुभदा, आज सगळ्यांत वर पाय तुझा गेला."

शुभदाताई म्हणाल्या, "हो ना? मलाही वाटलं."

* * *

परदेशात सण तिथीने येत नाहीत, हॉल मिळेल तसे येतात. आमचा पाडवा तीन आठवडे पुढे गेला. आणि काकूंचा व्हिसा त्याच्या आधी संपत होता.

काकूंनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं तर उशिरा आले असते." जायच्या आधीच्या तालमीला त्यांनी सगळ्यांच्या हातावर एकेक तिळाची वडी ठेवली आणि तो विणलेला स्वेटर विलेमाइनला दिला. तीन महिने आम्ही समजत होतो की तो जावयाचा आहे. विलेमाइनने तो लगेच घातला. बाह्या बरोबर बसल्या. काकूंनी नुसत्या नजरेने माप घेतलं होतं.

त्या गेल्यावर पुढच्या शनिवारी आम्ही गोल बसलो. मधे परत भोक.

"कोणीतरी एकीने मधे जायचं," विलेमाइन म्हणाली. सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. मधे बसायचं म्हणजे एकटीने बसायचं. सगळ्यांच्या नजरा तिथेच.

"मी बसते," शुभदाताई म्हणाल्या.

अनघाने पटकन हिशेब केला. तिला सवयच आहे. "पण मग पाकळ्या सहाच उरतात! फूल वाटेल का ते?"

विलेमाइनने अनघाकडे असं बघितलं, की ही मुलगी इतकी वर्षं या देशात राहून शिकली तरी काय!

"ट्युलिपला सहाच असतात," ती म्हणाली.

* * *

आणि कार्यक्रमाचा दिवस. रॉटरडॅमचा हॉल, शनिवारची दुपार, खाली चारशे माणसं आणि वर बाल्कनी. बाल्कनीतल्यांना फूल दिसणार होतं आणि खालच्यांना नुसत्या बसलेल्या बायका. त्याला इलाज नव्हता. आमच्या आधी लहान मुलांचा नाच झाला, एक भावगीत झालं, मनोहररावांचं भाषण झालं. विलेमाइन विंगेत उभी होती. काळा ड्रेस, पडद्याला एक हात. या बाईच्या कानाबद्दल सांगायला हवं. हॉलच्या छोट्या स्वयंपाकघरात, दार लावून कॉफी करत असली, तरी आतून ओरडायची, "प्राजक्ता, डावी टाच उशिरा!" आणि ती डावीच असायची.

पडदा उघडला. गाणं लागलं. पहिलं मिनिट छान गेलं. दुसरं त्याहून छान. आम्ही ओळीत वळलो, प्रेक्षकांकडे पाठ, हात एकमेकींच्या खांद्यावर, आता परत वळून पाय वर.

आणि गाणं थांबलं.

मंडळाच्या लॅपटॉपने नेमकं तेव्हा ठरवलं की आता अपडेट व्हायचं. हॉलमध्ये एकदम शांतता. मागे कोणीतरी वेफर्सची पिशवी उघडत होतं, तो आवाजही थांबला. माझ्या मनात आलं, संपलं. पाच महिने, सात बायका, संपलं. माझ्या डावीकडे प्राजक्ताचा हात होता, उजवीकडे शुभदाताईंचा. मी वाट बघत होते की आता कुठला तरी हात सैल पडेल.

एकही पडला नाही.

आम्ही वळलो. कोणी ठरवलं, कोणी आधी वळलं, आजपर्यंत सांगता येत नाही. सात पाय वर गेले, सात खाली आले. लाकडी स्टेजवर चौदा बुटांचा आवाज, बाकी काही नाही. आम्ही चाललो, गोल झालो, बसलो. शुभदाताई मधे गेल्या. मागे झुकताना मला वर बाल्कनीत उभी राहिलेली माणसं दिसली, कठड्यावर वाकून बघणारी. सहा पाकळ्या उघडल्या, मिटल्या. परत ओळ. शेवटचा पाय वर आणि तिथेच थांबायचं, हसत. थांबलो.

टाळ्या किती वेळ चालल्या ते श्रीरंगला विचारा. तो उभा होता.

आम्ही विंगेत आलो तेव्हा मनोहरराव दुसऱ्या बाजूने धावत आले होते, घामाघूम. इतक्या महिन्यांची मेहनत त्यांच्या लॅपटॉपने घालवली, असंच त्यांना वाटत होतं. ते थेट विलेमाइनसमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "सॉरी, फार सॉरी. मी काय सांगू तुम्हाला! दोन मिनिटं म्युझिक बंद होतं, अगदी शेवटपर्यंत!"

विलेमाइनचा हात अजून पडद्यावरच होता. तिने मनोहररावांकडे बघितलं. मग आमच्याकडे, एकेकीकडे. चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य.

"बंद होतं?" ती म्हणाली. "कधी?"